घाडींच्या चार सरळ बंदुका

नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं. मुलुंडला उतरायचं आणि रुळांच्या कडेकडेने पाय ओढत यायचं. वाटेत कमरेएवढं गवत, दोन कारखान्यांच्या लांबच लांब भिंती आणि एक म्हशींचा गोठा लागायचा. हे ओलांडून जो माणूस घरी पोचायचा, तो नवजीवन सोसायटीतला असायचा, कारण पुढे दुसरं काही नव्हतंच. अशा या सोसायटीत १९८३ साली एका माणसाने बंदुका दुरुस्त करण्याचा धंदा काढला होता, हे आज सांगितलं तर त्याच सोसायटीतली हल्लीची मंडळी हसतात. हसोत बापडी. त्यांनी जयवंतराव घाडींना पाहिलेलं नाही.

जयवंतराव गिरणीच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं फिटर होते. संप झाला, तो मिटता मिटेना, आणि गिरणीच्या गेटला लागलेलं कुलूप काही निघालं नाही. पावणेदोन वर्षं त्यांचा हत्यारांचा पेटारा माळ्यावर पडून होता. घर चालत होतं ते वनमालाबाईंच्या पायमशीनवर. त्या बिल्डिंगमधल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या आणि जयवंतराव त्यांना काजं करायला मदत करायचे. काजंही ते पट्टीने मोजून सारख्या अंतरावर करत. पण बावीस वर्षं लोखंड घासलेल्या माणसाला काजांचं समाधान किती पुरणार?

वनमालाबाईंचा धाकटा भाऊ अंबादास दिंडोशीला एका वसाहतीत वॉचमन लोकांचा सुपरवायझर होता. त्याने भाओजींसाठी जागा धरून ठेवली होती. काम सोपं होतं. स्टुलावर बसायचं, साहेबाची गाडी आली की उठायचं, गेट उघडायचं आणि सलाम ठोकायचा. जयवंतरावांना बसणं चालत होतं, उठणं चालत होतं, गेट उघडायलाही त्यांची ना नव्हती. गाडी सलामापाशी अडत होती.

त्याला कारण होतं. पूर्वी एकदा गिरणीच्या गेटवरच्या गुरख्याची बंदूक अडकली होती. वर्कशॉपमधल्या कुणाचीही तिला हात लावायची छाती होईना. जयवंतरावांनी ती उघडली, आतली तुटकी स्प्रिंग काढली, तशीच दुसरी घडवून बसवली आणि घोडा टक्कन ओढून दाखवला. गुरख्याने टाच आपटून त्यांना कडक सलाम ठोकला. मॅनेजरला ठोकायचा तसाच. आयुष्यात तेवढाच एक सलाम त्यांच्या वाट्याला आला होता आणि तो त्यांनी जपून ठेवला होता. आता उरलेलं आयुष्य दुसऱ्यांना सलाम वाटत बसायचं, ही कल्पना त्यांना सोसेना.

"दसऱ्याला सांगतो," ते अंबादासला म्हणाले.

"दसऱ्यालाच का, भाओजी?"

"सांगतो म्हटलं ना."

दसऱ्याचं कारण त्यांनी सांगितलं नाही. गिरणीत खंडेनवमीला प्रत्येक कामगार आपापल्या मशीनला झेंडूचे हार घालायचा, हत्यारं पुसून पाटावर मांडायचा, पेढे वाटायचा. मागच्या वर्षी पेटाऱ्याला माळ्यावरच दुरून हळदकुंकू वाहिलं होतं. वापरात नसलेल्या हत्यारांची पूजा करताना त्यांना फार लाज वाटली होती. यंदा पूजा करायची तर कामाच्या हत्यारांची, नाहीतर करायचीच नाही आणि खाकी चढवायची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

धंदा ठरला, बंदूकदुरुस्तीचा. आता धंद्याला सल्ला हवा, आणि सल्ल्याला शेजारी होतेच. समोरच्या बिऱ्हाडातले शरच्चंद्र पाटणकर सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि लिहायला कागद मिळेना म्हणून कासावीस होते. त्यांनी परवान्याचा अर्ज लिहायला घेतला. पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात घाडी घराण्याचा इतिहास होता, लोखंडाची थोरवी होती आणि शेवटी "सबब" या शब्दाने सुरू होणारं दीड पानाचं एक वाक्य होतं. जयवंतरावांनी भीत भीत विचारलं, "साहेब, यात बंदूक कुठे आली?"

"ती जोडपत्रात," शरच्चंद्र म्हणाले.

परवान्याच्या कचेरीतल्या कारकुनाने अर्ज हातात तोलून पाहिला, वाचला नाही. बंदूकदुरुस्तीचा अनुभव किती, असं त्याने विचारलं. जयवंतरावांनी गुरख्याची हकिगत सांगितली. कारकून म्हणाला, हा झाला एका बंदुकीचा अनुभव. कुणा परवानेवाल्याकडे दोन वर्षं काम करून दाखला आणा. जयवंतराव एका परवानेवाल्याकडे गेले, तर तो म्हणाला, परवाना असल्याशिवाय मी तुम्हाला बंदुकीला हात कसा लावू देऊ? ते परत कारकुनाकडे आले. कारकून भला माणूस होता. त्याने डबा उघडता उघडता सांगितलं, "अहो काका, ही फाइल फिरेल निवांत. तोवर एअरगन करा. छर्‍याच्या हवेच्या बंदुकीला कागद लागत नाही."

जयवंतराव घरी आले ते धंदेवाईक होऊनच. पेटारा माळ्यावरून उतरला. बाल्कनीत फळी ठोकली, फळीवर लोखंड पकडायचा वाइस बसवला, आणि खाली गेटपाशी पाटी लागली: "घाडी गन वर्क्स. येथे सर्व प्रकारच्या बंदुका दुरुस्त करून मिळतील."

तिसऱ्या दिवशी राजाराम हवालदार आले. बीटवर फिरताना पाटी दिसली म्हणाले. चहा घेतला, बाल्कनीत डोकावले, वाइस उघडून मिटून पाहिला.

"सर्व प्रकारच्या म्हणजे कुठल्या कुठल्या?"

"हवेच्या, साहेब."

"मग तसं लिहा ना. उद्या एखादा दरोडेखोर खरी बंदूक घेऊन आला तर तुमची पण वाट लागेल आणि माझी पण."

पेंटरने "प्रकारच्या" आणि "बंदुका" यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत "हवेच्या" कोंबलं. ते इतकं बारीक आलं की वाचायला जवळ जावं लागे, आणि जवळ गेल्यावर वाचणारा हसे. तोवर इकडे सोसायटीची तातडीची सभा भरली होती. दारूगोळा साठवल्यास जबाबदारी कोणाची, यावर दोन तास काथ्याकूट झाला. फटाके हा दारूगोळा आहे की नाही, इथे चर्चा अडली, कारण पुढे दिवाळी येत होती. शेवटी "सभासदांनी यथाशक्ती काळजी घ्यावी" असा ठराव होऊन सगळे बटाटेवडे खायला मोकळे झाले.

गिऱ्हाईक मात्र येईना. म्हणजे येत होतं, पण भलतंच. शरच्चंद्रांच्या पत्नी वसुधाताई स्टोव्ह घेऊन आल्या. त्याचा पंप दाबला की वर येत नव्हता. "हाही हवेचाच आहे ना हो?" त्या म्हणाल्या, आणि जयवंतरावांनी स्टोव्ह वाइसमध्ये धरला. मग कुकरच्या शिट्ट्या आल्या, सायकलचे पंप आले, पोरांची टिकल्यांची पिस्तुलं आली. जयवंतराव सगळं नीट करून देत, पैसे घेत नसत आणि रात्री जेवताना म्हणत, "मी बंदूकवालो आसय. माका लोकांनी स्टोव्हवालो केल्यानी."

"स्टोव्ह चलता ना?" वनमालाबाई विचारत.

"चलता."

"मगे जेवा."

नवरात्राला आठ दिवस उरले असताना धाकू आला. धाकू कुडाळकडचा, किडकिडीत, कपाळावर भंडारा लावलेला माणूस. जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावायचा. लाकडी फळीवर रंगीत फुगे, समोर बंदूक, सहा छर्रे, सगळे फुटले तर स्टीलची वाटी, तीन फुटले तर कंगवा. तेव्हा मुलुंडच्या मैदानावर नवरात्रात मोठी जत्रा भरायची, आणि धाकूचा बापही तिथेच उभा राहायचा. धाकूने गोणपाटात गुंडाळलेल्या चार एअरगन बाल्कनीत मांडल्या. "भाऊ, स्प्रिंगा ढिल्यो झाल्यो. छर्रो फुग्यापर्यंत पोचणा नाय. तेवढ्यो बदला," म्हणाला आणि गेला.

जयवंतरावांनी पहिली बंदूक हातात घेण्याआधी साबणाने हात धुतले. त्यांनी स्प्रिंगा घडवल्या, वॉशर कापले, तेल दिलं. मग नळीतून उजेडाकडे पाहिलं आणि त्यांना धक्काच बसला. नळी वाकडी होती. नेम धरायचं टोकही एका बाजूला झुकलं होतं. चारही बंदुकांची तीच गत.

वनमालाबाई मशीनवरून उठून आल्या. त्यांनी एक बंदूक उचलली, दस्ता खांद्याला लावला, एक डोळा मिटला आणि खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं.

"चारय एकाच बाजूक वाकड्यो आसत. कोणीतरी मुद्दाम केल्यासारख्यो वाटतत."

"बंदुकीतला तुका काय कळता?" जयवंतराव म्हणाले. "तू काजा कर."

त्यांनी बंदूक होती तशी ठेवली आणि जाऊन काजं करायला बसल्या.

पुढचे चार दिवस जयवंतराव जेवायलाही धड उठले नाहीत. नळ्या सरळ करायच्या म्हणजे घाईचं काम नव्हे. केसाएवढं दाबायचं, उजेडाकडे धरायचं, पुन्हा दाबायचं. चौथी बंदूक झाली तेव्हा चारही नळ्या दोऱ्यात, म्हणजे ताणलेल्या दोऱ्यासारख्या सरळ, होत्या. गिरणी सुटल्यापासून इतकं सुख त्यांना झालं नव्हतं. धाकू बंदुका न्यायला आला तेव्हा नळ्यांचं काही सांगितलं नाही. चांगलं काम आपोआप कळतं, असा त्यांचा समज होता.

आणि ते कळलंच. घटस्थापनेच्या संध्याकाळी जयवंतरावांनी सगळी सोसायटी जत्रेला नेली. शरच्चंद्रांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. त्यांनी हौसेने बंदूक घेतली आणि सहापैकी सहा फुगे फोडले. त्यांना वाटी मिळाली. वसुधाताईंनी पाच फोडले. पोरांनी रांग लावली. फटाफट फुगे फुटत होते, टाळ्या पडत होत्या, आणि जयवंतराव मागे हात बांधून, कुणी विचारावं म्हणून उभे होते. धाकू आधी हसला, मग देवीला हात जोडले, मग घामाघूम झाला. तासाभरात वाट्या संपल्या, कंगवे संपले, शोभेला ठेवलेली मोठी बाहुलीही गेली. धाकूने कंदील विझवला आणि स्टॉलवर गोणपाट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चार बंदुका घेऊन दारात उभा राहिला. भांडला असता तर जयवंतरावांना बरं वाटलं असतं. तो उंबऱ्यावरच टेकला.

"भाऊ, तुमी बंदुको सरळ केल्यात?"

"व्हय. चारय."

"माज्या बापाशीन वाकवलेल्यो त्यो. वीस वर्सा तशाच होत्यो." त्याने कपाळ पुसलं. "सरळ बंदुकेर माजा पोट कसा भरतला? परत वाकड्यो करून दिया. नायतर मी ह्या नवरात्रात खाव काय?"

वनमालाबाईंनी चहा आणून ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी पाहिलं असतं तर परवडलं असतं.

जयवंतरावांनी बंदुका ठेवून घेतल्या. एक नळी वाइसमध्ये धरली, तिच्यावर पाइप चढवला, आणि हात तिथेच थांबला. दुपारी पुन्हा धरली, पुन्हा सोडली. बावीस वर्षांत त्यांनी वाकडं सरळ केलं होतं, सरळ वाकडं करायची वेळ कधी आली नव्हती. आणि करावं तरी पंचाईत, न करावं तरी पंचाईत. गिरणीच्या गेटला ज्यांनी कुलूप लावलं त्यांना जयवंतरावांनी पावणेदोन वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता त्यांच्या स्वतःच्या हातून एका गरिबाच्या धंद्याला कुलूप लागलं होतं. तीन दिवस स्टॉलवर गोणपाट होतं आणि तीन दिवस जयवंतराव त्याच नळीभोवती घुटमळत होते. अंबादासच्या स्टुलावर बसून सलाम ठोकणं हेच आपल्या लायकीचं, असंही त्यांना वाटून गेलं.

चौथ्या दिवशी ते मशीनसमोर नुसतेच बसले होते. वनमालाबाई शिवत होत्या. मशीनच्या मोठ्या चाकावर खडूचा ठिपका पडला होता. जयवंतराव त्या ठिपक्याकडे पाहायला गेले, तर तो नजरेत सापडेना. आला म्हणेपर्यंत जायचा. ते बराच वेळ तो ठिपका डोळ्यांनी पकडत बसले आणि मग ताडकन उठले.

"वनमाला, मशीनचो ह्यो पायटो माका दसऱ्यापर्यंत देशीत?"

घरात पैसे येत होते ते त्या मशीनमधून. वनमालाबाईंनी अर्धवट शिवलेला ब्लाउज काढला, घडी करून ठेवला आणि म्हणाल्या, "वरचा मशीन सांबाळून उतरवा."

सायकलची जुनी रिंग, तिला तारेच्या आकड्या, आकड्यांना फुगे, आणि खाली शिलाई मशीनचा पायटा. पाय हलवला की फुग्यांचं चाक फिरे, कधी सावकाश, कधी जोरात. बंदुका सरळच राहिल्या, हलायचं ते फुग्यांनी. धाकूने चाकाकडे संशयाने पाहिलं. त्याच्या बापाने वाकडी नळी ठेवली होती, पायटा ठेवला नव्हता. पण त्याला दुसरा इलाज नव्हता. खंडेनवमीला पाटावर हत्यारं मांडली, शेजारी धाकूच्या चार बंदुका सकाळपुरत्या आणून मांडल्या. पायटा मैदानावर असल्यामुळे वनमालाबाईंनी मशीनच्या वरच्या भागाला हार घातला. जयवंतराव नमस्काराला वाकले आणि बराच वेळ उठले नाहीत.

चाक चाललं. लोक चुकत, हसत, पुन्हा छर्रे मागत. बंदुकीला कुणी नाव ठेवत नव्हतं, जो तो स्वतःलाच शिव्या देत होता. दसऱ्याच्या संध्याकाळी अंबादासही आला. हातात घडी घातलेली खाकी होती.

नेमके तेव्हाच बंदोबस्तावरचे राजाराम हवालदार स्टॉलवर आले. पोलिसाचा नेम पाहायला गर्दी जमली. हवालदारांनी सहा छर्रे मारले आणि सहाही चुकवले. गर्दीतून कुणीतरी हसलं आणि हवालदारांचे कान लाल झाले.

"बंदूक वाकडी आहे," ते म्हणाले. "पब्लिकला फसवतोस काय रे? उचल हे सगळं."

धाकूचा पाय थांबला, चाक थांबलं. जयवंतराव पुढे झाले. "साहेब, बंदूक मी केली आहे. ती दोऱ्यात आहे."

"मग दाखवा मारून."

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी जयवंतरावांनी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्यांनी जन्मात कधी बंदूक उडवली नव्हती. गुरख्याचीसुद्धा रिकामीच ओढून दाखवली होती. पण आता माघार कशी घ्यायची? त्यांनी थांबलेल्या चाकावरच्या लाल फुग्यावर नेम धरला, दोन्ही डोळे मिटले आणि घोडा ओढला. मागच्या पत्र्यावर टण्ण आवाज झाला. दुसरा छर्रा कुठे गेला ते आजवर कळलेलं नाही. लोक पोट धरून हसले. हवालदारांनी काठी गोणपाटाकडे केली. अंबादासने खाकीची घडी या हातातून त्या हातात घेतली.

"हाडा हकडे," वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर खोचला, नवऱ्याच्या हातून बंदूक घेतली, मधोमध उघडून छर्रा भरला आणि दस्ता खांद्याला लावला. "लाल," त्या म्हणाल्या आणि लाल फुटला. "पिवळो." पिवळा फुटला. हसणं थांबलं. "हिरवो." हिरवा फुटला. मग त्या धाकूला म्हणाल्या, "चाक फिरव." चाक फिरायला लागलं. निळा फुटला. पांढरा फुटला. सहावा छर्रा सुटला आणि गुलाबी फुगा तसाच फिरत राहिला.

"तो माजो चुकलो," वनमालाबाईंनी बंदूक खाली ठेवली. "बंदुकेचो नाय."

राजाराम हवालदारांनी, सवयीने म्हणा की मनापासून म्हणा, टाच आपटली आणि सलाम ठोकला. सलाम वनमालाबाईंना होता हे उघड होतं. पण बंदूक आपली होती, तेव्हा त्यातला अर्धा आपला, असं जयवंतराव धरून चालले.

"तुका बंदूक मारूक येता?" त्यांनी विचारलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

"बापाशीची ठासणीची होती. भुईमुगात वांदर येयत. बापूस दम्याचो, आणि ह्यो अंबादास पाळण्यात. मगे मारतलो कोण?"

"माका कधी बोललंस नाय."

"तुमी कधी इचारल्यात?"

अंबादास खाकी पुढे करू की नको, अशा बेतात होता. "ताई, मग दिंडोशीचा काय सांगू?"

"दुसरो माणूस बघ," वनमालाबाई म्हणाल्या. "ह्यांका काम आसा."

काम होतं आणि पुढेही राहिलं. मढच्या जत्रेपासून ठाण्यापर्यंत फुगेवाले चाकं करून न्यायला लागले. त्यातून घाडी काही श्रीमंत झाले नाहीत, पण पेटारा पुन्हा माळ्यावर गेला नाही. नवी बंदूक झाली की आधी वनमालाबाई ती खांद्याला लावत. त्या मान डोलावत नाहीत तोवर ती गिऱ्हाइकाला मिळत नसे. गोठा गेला, गवत गेलं, शरच्चंद्रही गेले. त्यांच्या भिंतीवरच्या फोटोखाली ती जत्रेतली स्टीलची वाटी वसुधाताईंनी अजून ठेवली आहे.

एक्याण्णव साली, आठ वर्षं फिरून, ती फाइल एकदाची जागेवर आली. कचेरीतून जयवंतरावांना पत्र आलं. आपला अर्ज विचाराधीन असून पुढील रकाना भरून पाठवावा, म्हणून. रकाना होता, "अर्जदारास बंदूक चालवण्याचा अनुभव आहे काय?" मसुदा लिहून द्यायला शरच्चंद्र नव्हते. जयवंतराव चष्मा लावून बाल्कनीत बसले. आत पायमशीन चालू होतं. त्यांनी विचार केला आणि शाईच्या पेनाने, ठसठशीत अक्षरात खरं ते लिहिलं: "नाही. पत्नीस आहे."